आज्जीचं काळीज आणि इंग्रजीतलं ‘हार्टेड’

संध्याकाळी माझ्याकडे दहावीची बारा-चौदा पोरं इंग्रजीला येतात. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या माडीवर सतरंजी टाकून बसायचं, खाली गाड्यांचे हॉर्न आणि वर आमचं ग्रामर. गेल्या महिन्यात ‘माय ग्रँडमदर’ निबंध लिहायला दिला होता. एका पोरानं जे लिहिलं होतं ते वाचून मी वही मिटली, चष्मा पुसला, परत उघडली. तीन वाक्यं होती. माय ग्रँडमदर इज सिंपल-माइंडेड. शी इज व्हेरी लाइट-हार्टेड. लास्ट इयर शी हॅड ओपन-हार्टेड सर्जरी.

पोराला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं, कारण मी पण मराठीतच विचार करतो. आज्जी साध्या मनाची आहे, हळव्या मनाची आहे आणि गेल्या वर्षी तिची बायपास झाली. पण इंग्रजी वाचणाऱ्याला कळणार काय, तर आज्जी जरा बुद्धीनं कमी आहे, सारखी हसतखेळत असते, आणि तिचं ऑपरेशन मोठं मनमोकळं झालं. पोरगं हुशार आहे, त्याला मराठीत पण चांगले मार्क पडतात, आणि चूक त्यामुळंच झाली, कारण त्यानं मराठीतली ‘मनाची, मनाची’ ही शेपटी इंग्रजीत तशीच नेली.

त्या दिवशी बाकीचा सिलॅबस बाजूला ठेवला आणि हाच विषय घेतला. आता इथं लिहितोय कारण मोठी माणसं पण यात अडकतात, ऑफिसात मेल लिहिणारी तर लईच.

सुरुवात इंग्रजीनं नको, आपल्या शाळेतल्या समासानं करू. बहुव्रीही आठवतोय का? लंबोदर म्हणजे लंब आहे उदर ज्याचे असा तो. नीलकंठ म्हणजे निळा आहे कंठ ज्याचा असा तो. गंमत अशी की या शब्दात पोटही आहे आणि लांबीही आहे पण अर्थ दोन्हीत नाही, अर्थ बाहेर उभा असलेल्या गणपतीत आहे. ‘बहुव्रीही’ हे नाव पण तसंच, बहु म्हणजे पुष्कळ, व्रीही म्हणजे भात, ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे असा तो, म्हणजे आपल्याकडे आजऱ्याचा घनसाळ ज्याच्या घरात पोत्यांनी पडलाय तो माणूस बहुव्रीही. आणि हा शब्द फक्त आपल्या पुस्तकात नाही, इंग्रजी भाषाशास्त्राची पुस्तकं पण अशा शब्दांना सरळ ‘बहुव्रीही’च म्हणतात, संस्कृत व्याकरणातून उचललेलं नाव, रोमन अक्षरात लिहून.

मग काइंड-हार्टेड काय आहे? कनवाळू आहे हृदय ज्याचं असा तो. संपलं. स्टोनी-हार्टेड म्हणजे आपला पाषाणहृदयी. एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

पण पोरं विचारतात की सर मग शेवटचा ‘एड’ कशाला, तो तर भूतकाळाचा. नाही भावा, हा तो नाही. वॉक्ड, टॉक्ड मधला एड वेगळा, तो क्रियापदाला लागतो. हा नामाला लागतो आणि ह्याचा अर्थ ‘ते असलेला’. ब्लू-आइड म्हणजे निळे डोळे असलेला, लेफ्ट-हँडेड म्हणजे डावखुरा, बॅड-टेम्पर्ड म्हणजे खडूस स्वभावाचा. काइंड-हार्टेड मध्ये ‘टू हार्ट’ असं क्रियापद नाहीच त्यामुळं तिथं भूतकाळ यायचा प्रश्नच नाही. म्हणजे ‘ज्याचं, असा तो’ एवढं सगळं वाक्य इंग्रजीनं त्या दोन अक्षरांच्या शेपटीत कोंबलंय. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ही शेपटी लावायची गरजपण नव्हती, दयाळू माणसाला ‘मिल्डहेओर्ट’ आणि निर्दयाला ‘हेअर्डहेओर्ट’ म्हणायचे, म्हणजे नुसतं मृदू-हृदय, कठीण-हृदय, अगदी आपल्या नीलकंठासारखं, शेपटीशिवाय. नंतर एड चिकटला. बेअरफूट म्हणजे अनवाणी हा शब्द मात्र अजून त्या जुन्या पद्धतीनं फिरतोय.

मराठी हेच काम तीन हत्यारांनी करते आणि आपल्याला ते कळतपण नाही. एक संस्कृतचं, सहृदय, पाषाणहृदयी. दुसरं फारसीकडून आलेलं, दिलदार, दर्यादिल. आणि तिसरं अस्सल घरचं, ते म्हणजे ‘चा-ची-चे’, मोठ्या मनाचा, उलट्या काळजाची, थंड डोक्याचे. हे तिसरं हत्यार इतकं सैल आहे की त्याला काहीही अडकवता येतं. लाल गाडीचा माणूस, पांढऱ्या टोपीचे आजोबा, वरच्या माडीची वहिनी. इंग्रजीचा एड एवढा सैल नाही, त्याला शक्यतो अंगाचंच काहीतरी लागतं, डोळे, हात, पाय, डोकं, हृदय, फार तर अंगावरचे कपडे. लाल गाडीच्या माणसाला, कारला एड लावून, ‘रेड-कार्ड मॅन’ म्हटलं तर इंग्रज गोंधळून बघेल. गाडी विकता येते, डोळे विकता येत नाहीत, साधारण असा हिशोब आहे तो, अगदी काटेकोर नाही पण चालतो.

आता खरी भानगड. मराठीत ‘मन’ हा एकच शब्द दिवसभर राबतो. विचार करतं ते पण मन, दुखतं ते पण मन, मोठं असतं ते पण मन, कोतं असतं ते पण मनच. इंग्रजीनं ही घराची वाटणी केली आहे. भावना गेल्या हार्टकडे, विचार गेले माइंडकडे, आणि राग, गर्व, चक्कर असलं सगळं हेडकडे. म्हणून ‘मोकळ्या मनाचा’ म्हटलं की इंग्रजीत आधी थांबून ठरवावं लागतं. नवीन विचार ऐकून घेणारा असेल तर ओपन-माइंडेड, पोटात काही न ठेवता माया करणारा असेल तर ओपन-हार्टेड. ‘कोत्या मनाचा’ बहुतेक वेळा नॅरो-माइंडेड. ‘मोठ्या मनाचा’ मात्र बिग-हार्टेड, आणि इथं घसरून बिग-हेडेड लिहिलं तर वाट लागली, कारण बिग-हेडेड म्हणजे शहाणपणाचा माज असलेला. लाइट-हार्टेड म्हणजे खेळकर आणि लाइट-हेडेड म्हणजे डोकं गरगरणारा, उपाशीपोटी जोतिबाचा डोंगर चढल्यावर होतं तसं.

आणि सिंपल-माइंडेड. हा शब्द आपल्याकडे इतका लग्नाच्या बायोडेटात वाचलाय मी की मोजणं सोडलं. मुलगी सिंपल-माइंडेड आहे, सासरची माणसं सिंपल-माइंडेड आहेत. लिहिणाऱ्याला साधीसरळ म्हणायचं असतं, पण इंग्रजीत त्याचा अर्थ अक्कल कमी असलेला, गुंतागुंतीचं काही न कळणारा असा लागतो. साध्या मनाची आज्जी असेल तर सरळ सिंपल लिहा, नाहीतर गुड-हार्टेड. गुड-हार्टेड मध्ये ती सगळी येते, देवपूजा करणारी, शेजारच्या पोराला लाडू देणारी, कुणाबद्दल वाईट न बोलणारी.

दुसरी गडबड तापमानाची. वॉर्म-हार्टेड म्हणजे प्रेमळ, कोल्ड-हार्टेड म्हणजे भावनाशून्य. आता मे महिन्यात बिंदू चौकात उभं राहून कुणाला ‘तू गरम आहेस’ म्हणून बघा. आपल्याकडे गरम डोकं असतंय, गरम झालेला माणूस भांडणाच्या तयारीत असतोय, आणि चांगलं काही झालं की जीव गार होतो, डोळे निवतात, काळीज थंड होतं. मला वाटतं जिथं वर्षातले सहा-आठ महिने थंडी वाजते तिथल्या माणसाला ऊब म्हणजे माया वाटणार आणि जिथं ऊन भाजतं तिथं गारवा म्हणजे सुख वाटणार, पुरावा माझ्याकडं नाही पण उसाचा रस हातात असताना हे पटतं. ऊब आपल्याकडेही चांगलीच आहे म्हणा, मायेची ऊब, गोधडीची ऊब, पण ती कुशीत असते, माणसाला थेट गरम म्हणून चालत नाही. आणि थंड माणूस म्हटलं तर मराठीत तो निर्दयी नसतो, फक्त ढिम्म असतो, बँकेत चार वेळा सांगितल्यावर पासबुक घेणारा.

कोल्ड-हार्टेड आणि हार्ड-हार्टेड हे दोन पोरं एकच समजतात. जवळचे आहेत पण एक नाहीत. समजा एखाद्या सावकाराकडं बाई रडत आली, व्याज माफ करा म्हणाली. त्याला आत कुठंतरी कळतंय पण तो पाघळत नाही, मान हलवून नाही म्हणतो, तो हार्ड-हार्टेड. दुसरा असा आहे की ती रडत असताना हा मोबाईल बघतोय, त्याच्या आत काही हललंच नाही, तो कोल्ड-हार्टेड. पहिल्याला कदाचित उद्या पाझर फुटेल. आमच्या ‘उलट्या काळजाचा’ला मात्र मला अजून नीट इंग्रजी जोडीदार सापडलेला नाही, हार्टलेस जवळ येतो, पण त्यात काळीजच नाही म्हणतात, आपल्याकडे काळीज आहे आणि ते उलटं बसवलंय, हे जास्त भयानक आहे. बाकी कोल्हापुरात ‘हार्ड’ हे कौतुक आहे हा एक स्थानिक घोळ. विषय हार्ड म्हणून म्हणून मोठ्या झालेल्या पोराला हार्ड-हार्टेड ही शिवी आहे हे पटवायला मला दहा मिनिटं लागली.

लाइट-हार्टेडकडे परत येतो कारण मूळ घोटाळा तिथं होता. त्याचा अर्थ हलकंफुलकं, चिंता नसलेलं, गंमतीचं. माणसापेक्षा गप्पा, सिनेमा, लेख, भाषण असल्या गोष्टींना जास्त लागतो. मराठीत ‘हलका’ शब्द लई धोक्याचा आहे, हलका माणूस म्हणजे कमी दर्जाचा, हलक्या कानाचा म्हणजे कुणीही काहीही सांगावं आणि यानं ते खरं मानावं. त्यामुळं शब्दाला शब्द लावायला गेलं की फसलंच. हळव्या माणसाला इंग्रजीत टेंडर-हार्टेड किंवा सॉफ्ट-हार्टेड. सॉफ्ट-हार्टेडला थोडी ‘याला कुणीही गुंडाळू शकतं’ अशी छटा आहे, टेंडर-हार्टेडला ती नाही, म्हणून आज्जीला मी टेंडर-हार्टेड सुचवला. आणि लाइटचा उलटा हेवी असायला पाहिजे, तर हेवी-हार्टेड शब्द आहे पण बिचारा फारसा वापरात नाही, लोक ‘विथ अ हेवी हार्ट’ असं लिहितात, आपलं जड अंतःकरणानं.

हाफ-हार्टेड आणखी मजेशीर. तो माणसाला क्वचित लागतो, जास्त करून त्याच्या कामाला लागतो, हाफ-हार्टेड प्रयत्न, हाफ-हार्टेड माफी, हाफ-हार्टेड टाळ्या. याला मराठीत एकदम फिट बसणारा वाक्प्रचार आहे, पाट्या टाकणं. पाट्या टाकल्यासारखा अभ्यास केला की तो हाफ-हार्टेड अभ्यास. मी हे सांगितलं तेव्हा मागं बसलेल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. उलटा शब्द होल-हार्टेड, मनापासूनचा, पाठिंबा किंवा आभार यांच्यासोबत येतो.

ओपन-हार्टेड सर्जरीचं सांगायचं राहिलं. छाती उघडून हृदयावर करतात ती ओपन-हार्ट सर्जरी, तिथं एड नको, कारण सर्जरीला हृदय नसतं. बहुव्रीही करून बघा, ‘उघडं आहे हृदय जिचं अशी ती सर्जरी’, नाही ना जमत? मग एड काढा. ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते (हाफ-हार्टेड प्रयत्नात हृदय प्रयत्न करणाऱ्याचं धरायचं), ‘ज्याचं असा तो’ म्हणून वाक्य बसलं तर एड ठेवायचा. ब्रोकन-हार्टेड चालतं कारण मोडलेलं काळीज त्या माणसाचं आहे. जाता जाता, मोडलेलं काळीज ही फक्त शायरी नाही, अतिदुःखानं किंवा धक्क्यानं हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा होतो आणि हार्ट अटॅकसारखी लक्षणं येतात, त्याला डॉक्टर ताकोत्सुबो म्हणतात, जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये हे नाव दिलं, ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, कप्प्याचा आकार तसा दिसतो म्हणून. बहुतेक जण त्यातून बरे होतात.

आता शौर्याचं. लायन-हार्टेड म्हटलं की इंग्रजांना त्यांचा राजा पहिला रिचर्ड आठवतो, 1189 ते 1199 राज्य केलं, टोपणनावच सिंहाचं काळीज. मेल्यावर त्याचं हृदय खरंच वेगळं काढून फ्रान्समधल्या रुआँला पुरलं आणि बाकी देह दुसरीकडे, फाँतेव्रोला. आम्हाला त्याच्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही, पन्हाळ्यावर शिवा काशीदांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की पुरतं, 1660 मध्ये महाराजांचा वेश घालून मरण दिसत असताना पालखीत बसायचं म्हणजे कसलं काळीज असेल. आणि भित्र्याला इंग्रजीत चिकन-हार्टेड. आपल्याकडे भित्र्याला ससा म्हणतात, कोंबडी नाही, कारण आपल्या खुराड्यातली कोंबडी पिल्लं असताना मांजरावर पण धावून जाते.

आणि इथं मला एक गोष्ट फार आवडते. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात लाईनीत उभा होतो. पुढचा गडी म्हणाला, एक किलो टाका, त्यात काळजाचे चार तुकडे घाला पोरासाठी. दुकानदारानं जे काढून दिलं ते गडद तांबूस, गुळगुळीत, ते हृदय नव्हतंच. ते यकृत होतं. कलेजी. हृदय पाहिजे असेल तर तिथं दिल मागावं लागतं. म्हणजे आपण आयुष्यभर काळीज फाटलं, काळजात धस्स झालं, वाघाचं काळीज असं म्हणतो ते शब्दानं बघितलं तर लिव्हर आहे. संस्कृतमध्ये कालेय म्हणजे यकृत, तिथूनच हा शब्द आला. फारसीतलं जिगर पण यकृतच, म्हणजे जिगरबाज माणूस आणि जिगरी दोस्त दोघंही लिव्हरवर उभे आहेत. आणि हे फक्त आपल्याच बाजूला नाही. इंग्रजीत भित्र्याला लिली-लिव्हर्ड म्हणतात, शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये आहे तो शब्द, लिलीच्या फुलासारखं पांढरं यकृत असलेला. जुन्या वैद्यकात रक्त यकृतात तयार होतं असं मानायचे, ज्याच्या यकृतात रक्त नाही त्याच्यात हिंमत नाही. माझा नंबर आला तेव्हा मी याच विचारात होतो आणि पाव किलो जास्त घेऊन आलो, घरी बोलणी खाल्ली.

हृदय शब्दाचे पण नातेवाईक बघा. संस्कृत हृद्, ग्रीक कार्डिया, लॅटिन कोर आणि इंग्रजी हार्ट ही सगळी एकाच आजोबांची नातवंडं मानतात. लॅटिनच्या कोरवरून फ्रेंचमार्गे करेज आला, म्हणजे धैर्य. आपला सुहृद म्हणजे मित्र, तो शब्द तोडला तर सु अधिक हृद्, थेट गुड-हार्टेड. आणि पोरींना सगळ्यात आवडलेला शब्द, डोहाळे. सुश्रुतसंहितेत गरोदर बाईला द्विहृदया म्हटलंय, दोन हृदयं असलेली, एक तिचं आणि एक पोटातल्या बाळाचं, तिची इच्छा ती दौहृद, आणि डोहाळे शब्द तिथपर्यंत नेऊन जोडतात. म्हणजे डोहाळजेवणाला झोपाळ्यावर बसलेली बाई ही टू-हार्टेड. बहुव्रीही समासाला फुलांची वाडी भरलेली मी तरी दुसरीकडे बघितली नाही.

शेवटचा एक इशारा देऊन ठेवतो कारण हा प्रकार दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर होतो. आपल्या चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ‘हार्दिक शुभेच्छा’ असतात, हार्दिक हा हृदयवरूनच, त्याचं इंग्रजी हार्टी. हार्टी काँग्रॅच्युलेशन्स चालतं. पण हार्टीमध्ये जोश आहे, उत्साह आहे, पोटभर जेवणाला पण हार्टी मील म्हणतात. म्हणून कुणी गेल्यावर ‘हार्टी कंडोलन्सेस’ लिहू नका, ते म्हणजे मयताला जाऊन पाठीवर थाप मारल्यासारखं होतं. तिथं हार्टफेल्ट. गेल्याच महिन्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं आणि खाली सतरा जणांनी तेच कॉपी करून टाकलं, मी काही बोललो नाही, ती वेळ नव्हती.

मधल्या छोट्या रेघेवरून भांडू नका, ब्रिटिश लोक काइंड-हार्टेड मध्ये रेघ देतात, अमेरिकन जोडून लिहितात, परीक्षेत रेघ दिलेली बरी. आणि उच्चार ‘हार्टिड’च्या जवळ जातो, शेवटी स्पष्ट ‘एड’ ठोकायचा नाही.

तर त्या पोरानं निबंध परत लिहिला. माय ग्रँडमदर इज टेंडर-हार्टेड, आणि ऑपरेशनपुढचा एड काढला. घरी जाऊन आज्जीला वाचून दाखवला म्हणे, मराठीत अर्थ सांगत सांगत. आज्जीनं एकच शब्द पकडला, तिचे दोन्ही मुलगे रस्त्यांची कामं घेणारे, ती म्हणाली, कसलं टेंडर रं बाबा, भरलं का मंजूर झालं?